पोसलेली कीड आणि तिचे वैरी



कीड म्हटली की आपल्या वऱ्हाडातील माणसाला प्रथम आठवते ती कपाशीवरची बोंडअळी. कीड मारावयाची असते, एवढेच आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. परंतु कीड मुद्दाम पोसणारी माणसेही जगात आहेत, आणि त्यांनी पोसलेल्या किडीलाही दुसरी कीड लागते. त्या दुसऱ्या किडीशी माणूस कसा झगडत आला, ही हकीकत आज आम्ही मांडणार आहोत. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आम्ही कामगारांत वावरणारे, वाचून आणि विचारून शिकलेले. त्यामुळे ही हकीकत सांगताना आमचे लक्ष सूक्ष्मदर्शकाइतकेच झाडूकडेही जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

परदेशात हौसेने सरडे आणि पाली पाळतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घोरपड, अजगर, तारा कासव यांसारखे प्राणी घरी पाळणे गुन्हा आहे. तिकडे मात्र या प्राण्यांच्या चाऱ्यासाठी रातकिड्यांची पैदास एखाद्या कारखान्यासारखी चालते. जेथे दाणा, ओल आणि दाटी, तेथे कोळी, माश्या आणि मुंग्या न बोलावता येतात. शेतकरी अशा वेळी औषध फवारतो. रातकिडेवाल्याला ती सोय नाही. माशी मारणारे विष रातकिड्यालाही मारते, आणि विषारी रातकिडा खाणाऱ्या सरड्याचीही धडगत नसते. युरोपातील रातकिड्यांत १९७७ साली एक विषाणू आढळला. पुढे २००९-१० च्या सुमारास अमेरिकेत त्याची साथ पसरून काही पैदासकारांना धंदे बंद करावे लागले. उपाय काय? सगळा माल नष्ट करणे, घर धुऊन काढणे, आणि या रोगाला दाद न देणाऱ्या दुसऱ्या जातीचे रातकिडे आणणे.

हा धडा नवा नाही. रेशीम पिकविणाऱ्यांनी तो फार पूर्वी गिरवला. रेशीमकिड्यांच्या एका रोगाचे कारण सूक्ष्म बुरशी आहे, असे १८३५ साली इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी दाखविले. तीस वर्षांनी फ्रान्समधील रेशीमधंदा पेब्रीन नावाच्या दुसऱ्या रोगाने डबघाईला आला, तेव्हा १८६५ साली लुई पाश्चर यांना आलेस या गावाकडे पाठविण्यात आले. त्यांनी रोगावर औषध शोधले नाही, निवड शोधली. प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवावयाची, नंतर ती मादी पाण्यात चुरडून सूक्ष्मदर्शकाखाली पहावयाची, आणि रोगाचे कण दिसले की तिची अंडी जाळून टाकावयाची. आपल्या देशातील रेशीमबीज केंद्रांतही हीच परीक्षा चालते.

रेशीम आता आपल्याला परके नाही. १९९७ साली नागपूर येथे राज्याचे रेशीम संचालनालय स्थापन झाले, आणि १९९८ च्या १ जुलैला अकोल्यातून वेगळ्या निघालेल्या आपल्या वाशीम जिल्ह्यातही तुतीची शिवारे दिसू लागली. रेशीमकिड्याचा मोठा वैरी म्हणजे उझी माशी. बंगालमधून कोषांबरोबर ती १९८० साली कर्नाटकात उतरली. ती अळीच्या अंगावर अंडे घालते, आणि आतला किडा अळीला पोखरून बाहेर पडतो. तिला रोखावयाचे ते दाराखिडक्यांना जाळी बसवून, तिचे किडे वेचून, आणि तिच्यावर जगणारे नेसोलिंक्स नावाचे बारीक कीटक सोडून. मुंग्यांसाठी मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात. पाल ही येथे चोर ठरते. तिकडे जिच्यासाठी किडे पोसतात, तिलाच इकडे हाकलावे लागते! शेजाऱ्याने सोयाबीनवर मारलेले औषध वाऱ्याने तुतीवर आले, तरी अख्खी बॅच हातची जाते.

आता बोंडअळीकडे वळू. तिची अंडी नासविणारा ट्रायकोग्रामा हा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा कीटक प्रयोगशाळेत वाढवावयाचा, तर त्याला अंडी हवीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९२० नंतरच्या दशकात स्टॅन्ली फ्लँडर्स यांनी धान्यातील पतंगाच्या अंड्यांवर तो मोठ्या प्रमाणावर वाढविला. भारतात या कामी कोर्सिरा हा तांदळातील पतंग वापरतात. १९५७ साली बंगलोरला जैविक कीडनियंत्रणाचे केंद्र निघाले, १९७७ साली अखिल भारतीय योजना सुरू झाली, आणि १९६९ साली स्थापन झालेले अकोल्याचे कृषी विद्यापीठ आपल्या भागात हे काम करीत आले आहे. बाजारात ट्रायकोकार्ड म्हणून मिळणाऱ्या एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात.

या पतंगाची पैदास भरडलेल्या धान्यात होते, आणि तेथेही चोर शिरतात. पिठातला तांबडा भुंगा दाणा खातो. कोळी अंडी व अळ्या शोषतात. ब्रॅकॉन नावाची गांधीलमाशी अळीला नांगी मारून लुळी करते. गंमत अशी की, नारळाच्या बागेत हीच ब्रॅकॉन माशी मित्र म्हणून सोडतात! मित्र आणि वैरी हे जागेवरून ठरते. उपाय पुन्हा तेच: धान्य १०० अंशांवर तापविणे, कोळ्यांसाठी थोडे गंधक मिसळणे, डब्यांना बारीक जाळी लावणे, बिघडलेला डबा ताबडतोब खोलीबाहेर नेऊन नष्ट करणे, आणि रोज झाडणे.

हे झाडतो कोण? इतिहासात पाश्चर यांचे नाव आहे आणि ते असलेच पाहिजे. पण डबे उघडणाऱ्या, पतंग वेचणाऱ्या, खोली पुसणाऱ्या हाताचे नाव कोठेच नाही. पतंगाच्या पंखांची भुकटी हवेत उडते आणि ती वर्षानुवर्षे हुंगणाऱ्या कामगाराला शिंका, खोकला आणि दमा जडू शकतो. धान्यातील कोळ्याची एक जात तर किड्यांबरोबर कामगाराच्या कातडीलाही चावते. पतंग यंत्राने ओढून घेण्याची साधने आज उपलब्ध आहेत. ती नसतील तेथे निदान तोंडाला नीट बसणारा मुखवटा, हवा बाहेर टाकणारा पंखा आणि साफसफाईसाठी कामाच्या वेळात धरलेला तास, एवढे तरी मिळालेच पाहिजे.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषाची गरज कमी करणारे हे मित्रकीटक आपल्याला हवेच आहेत. पण शेतातल्या मजुराच्या छातीतले विष कमी करताना प्रयोगशाळेतल्या मजुराच्या छातीत भुकटी भरणार असेल, तर आपण दुखणे बरे केले नाही, ते फक्त दुसऱ्या घरी पाठविले. म्हणून पुढच्या वेळी ट्रायकोकार्ड विकत घ्याल, तेव्हा ते ज्या खोलीत तयार झाले तेथे पंखा आहे की नाही, तेवढे जरूर विचारा.