स्किझोफ्रेनिया : मेंदूची रचना व जोडणी

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) : विचार, आकलन, भावना व वर्तन यांची परस्परांशी असलेली सांगड विस्कटून टाकणारा गंभीर मानसिक आजार. भास (विशेषतः कानात आवाज येणे), निराधार संशय, असंबद्ध बोलणे, तसेच बोलणे-मिसळणे व उमेद ओसरत जाणे ही त्याची मुख्य लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २.४ कोटी, म्हणजे साधारण तीनशेत एका व्यक्तीला हा आजार आहे. एकाच शरीरात दोन व्यक्तिमत्त्वे नांदणे असा या संज्ञेचा अर्थ नाही. प्रस्तुत नोंदीत या आजारात मेंदूच्या रचनेत व त्याच्या भागांच्या आपसातील जोडणीत आढळणाऱ्या बदलांचा विचार केला आहे.

इतिहास : एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे वेगळे वर्णन केले व तो मेंदूचाच विकार असावा असे मानले. कार्ल व्हेर्निके यांनी बिघाडाची जागा मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत शोधली. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले, तेव्हा जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याचे साधन जगात कोठेही नव्हते. याकोबी व विंक्लर यांनी १९२७ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे काढली. पद्धत वेदनादायक होती. इव्ह जॉनस्टन, टिम क्रो व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे १७ जुन्या रुग्णांची मस्तिष्क विवरे (मेंदूतील पोकळ्या) रुंदावलेली दाखवली आणि आधुनिक संशोधनाला सुरुवात झाली.

रचनेतील बदल : ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये २,०२८ रुग्ण व २,५४० निरोगी व्यक्तींच्या एमआरआयची तुलना केली. रुग्णगटात हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग), अमिग्डाला (भावनांशी निगडित भाग) व थॅलॅमस (संदेश बाह्यकाकडे पोचवणारे केंद्र) यांचे आकारमान सरासरीने कमी, तर पार्श्वविवरे मोठी आढळली. सर्वांत ठळक फरक हिप्पोकॅम्पसचा. तरीही दोन्ही गटांची मापे पाचांपैकी चार हिश्श्यांनी एकमेकांत मिसळलेली होती. याच गटाने २०१८ मध्ये ४,४७४ रुग्णांच्या अभ्यासात मेंदूचे बाह्यक (बाहेरचा थर), विशेषतः ललाट व शंख खंडांत, पातळ झाल्याचे नोंदवले.

यातील किती भाग आजाराचा व किती औषधांचा, याविषयी मतभेद आहेत. दीड-दोन वर्षे हॅलोपेरिडॉल किंवा ओलॅन्झॅपीन दिलेल्या माकडांच्या मेंदूचे वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरले (२००५). मात्र औषध कधीच न घेतलेल्या रुग्णांतही काही बदल आढळतात. त्यामुळे सारा दोष औषधांवर टाकता येत नाही.

पेशींची पातळी : मरणोत्तर अभ्यासांत चेतापेशींची मोठी हानी दिसत नाही, कमी झालेले असतात ते पेशींच्या शाखांवरचे बारीक काटे, म्हणजेच दुसऱ्या पेशीकडून संदेश घेण्याच्या जागा. पौगंडावस्थेत मेंदू जादा जोडण्या छाटतो. ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, हा अंदाज अर्विन फाइनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मांडला. प्रतिकारयंत्रणेतील व या छाटणीतही भाग घेणाऱ्या सी-४ या जनुकाचे काही प्रकार आजाराचा धोका वाढवतात असे २०१६ मध्ये दिसून आल्यावर त्याला बळ मिळाले. आजार बहुधा ऐन तारुण्यात का उघड होतो, याचेही एक उत्तर यात मिळते.

जोडणी : कार्ल फ्रिस्टन व ख्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्ये स्किझोफ्रेनिया हा जोडणीचा विकार असल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी दाखवले, की माणूस काहीही करत नसताना मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत कमीजास्त सक्रिय होतात. याच तत्त्वावर आज तपासणी होते : व्यक्ती एमआरआय यंत्राच्या नळीत निजते, समोरच्या अधिक चिन्हाकडे पाहत राहते आणि काही मिनिटांत सेकंद-दोन सेकंदांच्या अंतराने टिपलेल्या शेकडो प्रतिमांवरून कोणते भाग एकत्र चालतात हे काढले जाते. डोके मिलिमीटरच्या अंशानेही हलले तरी जोडणी कमजोर असल्याचा आभास होतो. अस्वस्थ रुग्ण अधिक हलतात, म्हणून जुने निष्कर्ष जपून वाचावे लागतात.

त्यातून टिकलेला निष्कर्ष थॅलॅमसविषयीचा आहे. ललाट खंडाशी त्याची जोडणी क्षीण, तर संवेदना व हालचाल पाहणाऱ्या बाह्यकाशी प्रमाणाबाहेर असते. श्वेतद्रव्यातील तंतूंची सुसंगतीही १,९६३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) मेंदूभर कमी आढळली. कानात आवाज येण्याचे एक स्पष्टीकरण असे : बोलण्याची जुळवाजुळव करणारा भाग ऐकणाऱ्या भागाला ‘हे माझेच आहे’ अशी आगाऊ सूचना देतो, ती सूचना नीट न पोचल्यास स्वतःचाच विचार परका आवाज वाटतो.

अनुमस्तिष्क (लहान मेंदू) : थॅलॅमसमार्गे ललाट खंडाशी असलेली त्याची जोडणीही क्षीण आढळते.

व्यवहारातील मर्यादा : वरील सर्व फरक गटांच्या सरासरीचे आहेत. एका व्यक्तीच्या एमआरआयवरून स्किझोफ्रेनियाचे निदान होत नाही. ते मुलाखत, लक्षणे व त्यांचा कालावधी यांवरूनच केले जाते. गाठ, संसर्ग यांसारखी अन्य कारणे वगळण्यासाठी मात्र स्कॅन उपयोगी पडतो.

महाराष्ट्रातील संदर्भ : ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.  ठाण्यातच आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली. कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभारली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट याच आजारावर आहे. या संस्थांच्या कामात रुग्णाला ‘शुभार्थी’ व सांभाळणाऱ्या आप्ताला ‘शुभंकर’ म्हणतात.

बाहेरची बाधा, आईचे संगोपन किंवा रुग्णाचा आळस हे या आजाराचे कारण असल्याचा कोणताही पुरावा मेंदूच्या अभ्यासातून मिळालेला नाही. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी सुधारणेची शक्यता अधिक असते.