स्खेव्हेनिंगेन
नेदरलँड्सच्या दक्षिण हॉलंड प्रांतातील, उत्तर समुद्रावरील (पहा : उत्तर समुद्र) पर्यटनस्थळ व बंदर, हेग शहराचा भाग (पहा : हेग). मूळच्या या कोळीवस्तीला हेगशी जोडणारा फरसबंदी रस्ता १६६५ मध्ये पूर्ण झाला. याकोब प्रॉंक याने १८१८ मध्ये येथे लाकडी स्नानगृह उघडले. देशातील पहिली घोड्यांची ट्राम १८६४ मध्ये याच मार्गावर धावली. कुरहाउस हे भव्य हॉटेल १८८५ मध्ये उभे राहिले. पुढील वर्षी ते आगीत जळाल्यावर १८८७ मध्ये पुन्हा सुरू झाले.

येथील पर्यटनाचे श्रेय केवळ पुळणीला देता येत नाही. तशीच पुळण काटवेकसारख्या शेजारच्या कोळीगावांनाही लाभली आहे. स्खेव्हेनिंगेनचे वेगळेपण राजधानी नसूनही शासनाचे केंद्र असलेल्या हेगच्या सान्निध्यात आणि लवकर मिळालेल्या वाहतूकसोयीत आहे. पर्यटनाने मासेमारी हटवली, असा आक्षेप घेता येईल. परंतु पुळणीवर ओढून ठेवल्या जाणाऱ्या सपाट तळाच्या होड्यांचा ताफा १८९४ च्या वादळात उद्ध्वस्त झाला, आणि त्यानंतर १९०४ मध्ये बांधलेल्या बंदरामुळे मासेमारी टिकून किनारा पाहुण्यांसाठी मोकळा झाला. मोसमी उपाहारगृहे, १९६१ चा धक्का (पहिला १९०१ चा, दुसऱ्या महायुद्धात नष्ट) आणि हेगमधील १८८१ चे ‘पॅनोरामा मेसडाग’ हे त्या काळचे स्खेव्हेनिंगेन दाखवणारे वर्तुळाकार चित्र, ही प्रमुख आकर्षणे होत (पहा : पर्यटन).