उलटी फिरणारी चकती

मंडळी, नात्यातल्या कुणाच्या गच्चीवर सोलर बसलं की मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "दिवसा आपण दिलेली वीज रात्री परत मिळते म्हणे. मग तोवर ती ठेवतात कुठे?"

कुठेच नाही! दुपारी तुमच्याकडे जास्त झालेली वीज त्याच क्षणी शेजाऱ्याच्या फ्रीजला जाते. रात्री तुम्हाला मिळते ती कुठल्या तरी वीजकेंद्रातली. साठतो तो फक्त हिशोब. त्या हिशोबाचं नाव नेट मीटरिंग. त्याचा इतिहास मला भारी गमतीचा वाटतो, कारण त्याची सुरुवात कुठल्या अर्थतज्ज्ञाने केली नाही, एका चकतीने केली.

जुन्या मीटरमध्ये काचेआड फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आठवते ना? अशा मीटरचं पेटंट हंगेरीच्या ओटो ब्लाथीने १८८९ मध्ये घेतलं. वीज घरात येताना चकती सुलटी फिरते आणि बाहेर जाऊ लागली की उलटी. आकडे चक्क कमी होतात. पण घरातून वीज बाहेर जाणार कशी? त्यामुळे कित्येक वर्षं कुणी तिकडे लक्षच दिलं नाही.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट ११ व्या रस्त्यावर एक पडकी इमारत स्वतःच्या श्रमाने दुरुस्त करून राहणाऱ्या लोकांनी गच्चीवर दोन किलोवॉटची पवनचक्की बसवली. वारा जोरात असला की जास्तीची वीज बाहेरच्या तारांत जायची. कॉन एडिसन या बलाढ्य वीज कंपनीने हरकत घेतली. रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले रॅम्से क्लार्क, अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल! शेवटी कंपनीला ती जोडणी मान्य करावी लागली.

१९७८ मध्ये, कार्टर यांच्या कारकिर्दीत, वीज कंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज घेणं बंधनकारक करणारा कायदा झाला. दर ठरला 'वाचलेल्या खर्चा'चा. म्हणजे तेवढी वीज कंपनीने स्वतः बनवली किंवा दुसरीकडून घेतली असती, तर जो खर्च आला असता तो. थोडक्यात, घाऊक भाव. आपल्या बिलात मात्र खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, वायरमनचा पगार असं सगळं असतं.

पण चकतीला घाऊक आणि किरकोळ यातला फरक कळत नव्हता. ती एक युनिट पुढे, एक युनिट मागे, एवढंच जाणायची. १९७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या सौर घरांवर हाच हिशोब चालला. १९८३ मध्ये मिनेसोटा राज्याने ४० किलोवॉटखालच्या उत्पादकांसाठी तो कायद्यातच घातला. लहान माणसाला दुसऱ्या मीटरचा खर्च नको, कटकट नको. सोपं काम!

दुसरी भीती मात्र खरी होती. लाईट गेली म्हणून वायरमन खांबावर चढला आणि कुणाच्या गच्चीवरून तारेत वीज येतच राहिली तर? म्हणून बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टरने आपणहून तुटलंच पाहिजे. २००३ च्या आयईईई १५४७ या अमेरिकी मानकाने त्यासाठी दोन सेकंदांची मर्यादा घातली. "सोलर असूनही लाईट गेल्यावर अंधार का?" या तक्रारीचं उत्तर हेच. त्या वेळी दिवे हवे असतील तर बॅटरी आणि घर बाहेरच्या तारांपासून वेगळं करणारी सोय लागते.

मग चकती गेली आणि आत किती, बाहेर किती हे तासागणिक वेगळं मोजणारे मीटर आले. कॅलिफोर्नियाने नेट मीटरिंगचा कायदा १९९५ मध्ये केला होता. पुढे तिथे पॅनेल्स इतकी वाढली की दुपारी वीज उतू जाऊ लागली. एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना बाहेर दिलेल्या युनिटचा दर साधारण तीन-चतुर्थांशाने कमी झाला. आधार कोणता? तोच, 'वाचलेला खर्च'! फिरून गाडी १९७८ वर आली.

आपल्या महाराष्ट्रात आयोगाचे नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले. २०१९ च्या नव्या मसुद्यात ही सवलत आखडण्याचा प्रस्ताव होता. विरोध झाला आणि अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकलं.

आता माझं मत. मी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते, माझ्या वाट्याला छप्परच नाही. मामेभावाचं बिल शून्याजवळ आलं तरी त्याच्या घरापर्यंतचे खांब आणि तारा उभ्याच आहेत. तो खर्च कुणाच्या तरी बिलात येणारच. उलट, त्याची दुपारची वीज दूरवरून आणावी लागत नाही, कोळसा वाचतो, त्याचं मोल शून्य कसं धरायचं? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला वाटतं, दर बदलायचे तर नव्यांसाठी बदला. शब्दावर विसंबून ज्यांनी कर्ज काढलं, त्यांचा हिशोब मध्येच मोडू नका.

तेव्हा मंडळी, सही करण्याआधी करार नीट वाचा. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचं काय होतं आणि नियम बदलले तर तुमची जोडणी कुठल्या नियमाने चालेल, हे दोन प्रश्न विचाराच. पॅनेल कुठल्या कंपनीचं हे त्यानंतर बघू.