उमेदवारीवाचून उमेदवार : राजाजी, चिंतामणराव देशमुख आणि राष्ट्रपतिपदाचा प्रश्न

मराठीतील ‘उमेदवार’ हा शब्द फार्सीतील ‘उमेद’ या शब्दापासून आला आहे. जो आशा धरून असतो तो उमेदवार. भारतीय प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च पदासंबंधी जी चर्चा वेळोवेळी झाली, तिच्यात मात्र या मूळ अर्थाला फारसे स्थान दिसत नाही. या पदाची आशा उघडपणे व्यक्त करणे अनुचित मानले गेले. पद मागायचे नसते, ते सर्वांच्या आग्रहाखातर स्वीकारायचे असते, असा संकेत रूढ झाला. त्यामुळे एखाद्या ज्येष्ठ नेत्याने राष्ट्रपती व्हावे की नाही, या प्रश्नाची चर्चा त्याच्या पात्रतेच्या अंगाने क्वचितच झाली. ती निष्ठा, त्याग, एकमत, विवेक अशा नैतिक शब्दांच्या आश्रयाने झाली. ज्यांना पुढे परंपरानिष्ठ वा उजव्या विचारांचे म्हणून ओळखले गेले अशा दोन व्यक्तींच्या बाबतीत, १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि १९६९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या बाबतीत, हे विशेषत्वाने घडले.

राजगोपालाचारी, अर्थात राजाजी, यांचा जन्म १८७८ चा. सेलमचे यशस्वी वकील, १९३७ ते १९३९ या काळातील मद्रास प्रांताचे प्रमुख मंत्री, स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे राज्यपाल आणि जून १९४८ पासून भारताचे गव्हर्नर-जनरल, अशी त्यांची वाटचाल होती. संविधान तयार होत असताना देशाचे प्रमुखपद त्यांच्याकडेच होते. तेव्हा त्याच व्यक्तीने नव्या नावाने तेच पद पुढे चालवावे, ही कल्पना जवाहरलाल नेहरूंना स्वाभाविक वाटली. १० सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी राजेंद्रप्रसादांना पत्र लिहून ही योजना कळवली. त्या पत्रात वल्लभभाई पटेलांशी विचारविनिमय झाल्याचा निर्देश होता. पटेलांचा कल मात्र पुढे प्रसादांच्या बाजूने राहिला. प्रसादांच्या उत्तरात पदाची मागणी नव्हती. आपल्याला ज्या रीतीने बाजूला सारले जात आहे, त्याविषयीची व्यथा त्यात होती. आशा व्यक्त न करताही ती कशी पोहोचवता येते, याचा हा पत्रव्यवहार एक नमुना ठरतो.

राजाजींच्या बाजूने मांडता येण्याजोगे मुद्दे दुर्बल नव्हते. पदाच्या शिष्टाचाराचा आणि मर्यादांचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. पंतप्रधान आणि उपपंतप्रधान अनुक्रमे संयुक्त प्रांत आणि गुजरात येथील असताना दक्षिणेतील व्यक्ती राष्ट्रप्रमुख असणे संघराज्याच्या दृष्टीने इष्ट होते. शिवाय बहुमताच्या भावनेपासून अलिप्त राहून विचार करण्याची त्यांची वृत्ती सर्वश्रुत होती. परंतु याच वृत्तीचा इतिहास त्यांच्या विरोधात गेला. एप्रिल १९४२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मद्रासच्या काँग्रेस आमदारांनी मुस्लिम लीगची विभाजनाची मागणी तत्त्वतः मान्य करावी, असा ठराव केला होता. त्याच वर्षी ते ‘छोडो भारत’ आंदोलनापासून दूर राहिले. १९४४ सालचे ‘राजाजी सूत्र’ही लीगशी तडजोड शोधणारे होते. ऑगस्ट १९४७ नंतर फाळणी ही वस्तुस्थिती झाली होती आणि काँग्रेसनेही ती स्वीकारली होती. तरीही जे पक्षाने १९४७ मध्ये मान्य केले ते राजाजींनी पाच वर्षे आधी बोलून दाखवले, हे विस्मरणात जाणे कठीण होते. तुरुंगवास सोसलेल्या सहकाऱ्यांना त्या वर्षातील त्यांची अनुपस्थिती अधिक बोचत होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेतील काँग्रेस सदस्यांच्या बैठकीत नेहरूंच्या सूचनेला तीव्र विरोध झाला, आणि प्रश्न व्यवहारतः निकालात निघाला. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांची बिनविरोध निवड जाहीर झाली. दोन दिवसांनी प्रजासत्ताकाची घोषणा वाचून दाखवण्याचे काम मावळते गव्हर्नर-जनरल म्हणून राजाजींनीच पार पाडले.

या निर्णयाचा अर्थ पुरोगामी विरुद्ध परंपरानिष्ठ अशा सोप्या विभागणीत लावता येत नाही. नेहरूंना नको असलेले प्रसाद धार्मिक परंपरेच्या बाबतीत राजाजींपेक्षा कमी परंपरानिष्ठ नव्हते. हिंदू कोड बिलाविषयीचे त्यांचे आक्षेप आणि १९५१ मधील सोमनाथचा प्रसंग सर्वज्ञात आहे. मंदिरप्रवेशाचा कायदा करणाऱ्या राजाजींना तर १९४९ मध्ये कोणी सरसकट उजवे म्हणत नव्हते. ही ओळख १९५९ मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्ष स्थापन केल्यानंतर, परवाना-पद्धती आणि सहकारी शेतीला केलेल्या विरोधातून घट्ट झाली. १९४९ मध्ये नाकारला गेला तो त्यांचा विचार नव्हे, वेळेआधी वेगळा विचार करण्याची त्यांची सवय नाकारली गेली. आणि ज्या पदावर निःशंक व्यक्ती असावी म्हणून ही निवड झाली, त्या पदाच्या अधिकारांविषयीची शंका नोव्हेंबर १९६० मध्ये प्रसादांनीच जाहीर भाषणात उपस्थित केली, हेही लक्षात घ्यावे लागते.

पुढे १९५८ साली राजाजींना तमिळ रामायणकथेसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘चक्रवर्ती तिरुमगन’ या ग्रंथाच्या कथेतही राज्याभिषेक आदल्या रात्री रद्द होतो. या साम्यावरून आत्मचरित्रात्मक वाचन करण्याचा मोह आवरणेच योग्य होय. एवढे मात्र म्हणता येईल की, पद न मिळण्याला प्रतिष्ठा देणारी एक भाषा या समाजाजवळ आधीपासून होती आणि १९४९ मधील सर्वच पक्षकारांनी तिचा उपयोग केला.

वीस वर्षांनी ही भाषा बदलली. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूर येथे नीलम संजीव रेड्डी यांची निवड केली; इंदिरा गांधींचा अंतःस्थ पाठिंबा व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे वळला. राजाजींचा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्र्याहत्तर वर्षांच्या चिंतामणराव देशमुखांना पुढे केले. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणारे आणि संस्कृतात काव्यरचना करणारे अभ्यासक म्हणूनही ते परिचित होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यामुळे महाराष्ट्रात त्यांच्या निःस्पृहतेविषयी वेगळा आदर होता.

त्यांची उमेदवारी अंतर्विरोधाने भरलेली होती. स्टेट बँकेची १९५५ मधील स्थापना आणि आयुर्विम्याचे १९५६ मधील राष्ट्रीयीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले. मतदानाच्या चार आठवडे आधी, १९ जुलै १९६९ रोजी, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या निर्णयाला विरोध करणारा स्वतंत्र पक्ष देशमुखांच्या पाठीशी होता. नियोजनाचा हा एकेकाळचा कार्यकर्ता अशा रीतीने उजव्या आघाडीचा प्रतिनिधी ठरला. त्याचे स्वतःचे चरित्र काय सांगते, याला त्या वेळी महत्त्व उरले नव्हते.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीच्या मतमूल्यात गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. देशमुख व इतर उमेदवार बाद झाल्यावर दुसऱ्या पसंतीची बहुतेक मते रेड्डींकडे गेली. तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने विजयी झाले. या दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेतली होती. त्याच भेटीचा आधार घेऊन इंदिरा गांधींच्या गोटाने सदस्यांनी विवेकबुद्धीनुसार मतदान करावे, अशी मागणी केली. म्हणजे देशमुखांची मते रेड्डींना जिंकवू शकली नाहीत, परंतु त्यांच्या असण्याने गिरींच्या बाजूला एक शब्द मिळवून दिला. वर्ष संपण्यापूर्वी काँग्रेस दुभंगली.

दोन्ही प्रसंग एकत्र वाचले असता एक फरक ठळक होतो. १९४९ मध्ये ‘एकमत’ या शब्दाने मतभेद असलेल्या व्यक्तीला दूर ठेवले. १९६९ मध्ये ‘विवेक’ या शब्दाने पक्षाचा आदेश मोडण्यास नैतिक आधार दिला. ज्या विवेकस्वातंत्र्यामुळे राजाजी अपात्र ठरले होते, तेच वीस वर्षांनी मतदाराचे कर्तव्य म्हणून पुढे आले. मात्र ते मतदाराला मिळाले, उमेदवाराला नव्हे. राजाजी आणि देशमुख यांनी राष्ट्रपती व्हावयास हवे होते काय, याचे निर्णायक उत्तर इतिहास देत नाही. परंतु त्या पदाला स्वतंत्र मताची व्यक्ती हवी आहे की नको, हा त्यांच्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न दोन्ही वेळा न विचारताच निकाली काढला गेला, याची नोंद मात्र ही दोन नावे करून ठेवतात.