आधी जागा की आधी बिऱ्हाड?
कंटेनर अल्पायुषी, तो नष्ट झाला की त्यातील माहितीही जाते. म्हणून २०१४ साली गूगलने खुल्या केलेल्या कुबरनेटीस प्रणालीत माहितीसाठी डिस्कवर स्वतंत्र साठा, म्हणजे ‘व्हॉल्यूम’, जोडता येई. २०१७ च्या १.६ आवृत्तीत मागणी येताच साठा आपोआप निर्माण होण्याची सोय स्थिरावली. पण पेच उद्भवला : साठा एका विभागात निर्माण होई, मोकळा संगणक मात्र दुसऱ्याच विभागात असे, कंटेनर ताटकळत राही. २०१८ च्या १.१२ आवृत्तीत क्रम उलटवण्याची मुभा मिळाली. आधी कंटेनरचे ठिकाण ठरे, मगच तेथे साठा निर्माण होई. २०१९ च्या १.१४ आवृत्तीत संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरील साठ्याची सोयही पक्की झाली. वेग वाढला; मात्र तो संगणक निकामी झाल्यास साठाही गमावण्याचा धोका पत्करावा लागला.