पालथ्या घड्यावरची पोळी

गेल्या हिवाळ्यात वर्ध्यास एका आप्तांच्या घरी मुक्कामास असताना, काही वर्षे परदेशी राहून आलेल्या त्यांच्या सुनेने सकाळच्या न्याहारीसाठी अंडी, दूध आणि मैदा यांचे पातळ मिश्रण, आधीच तापवून लोण्याने माखलेल्या लोखंडी तव्यात ओतले व तो तवा ओव्हनमध्ये सरकविला; आणि काचेआड ते मिश्रण काठाकाठाने वर चढत, मध्यभागी घुमटासारखे फुगत, बघता बघता तव्याबाहेर डोकावू लागले, तेव्हा घरातील वृद्ध काकू शांतपणे म्हणाल्या, "हे त मांडेच होय, बाई; आपला घडा पालथा, अन् हिचा तवा उताणा." हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मांड्याचे कूळ शोधावे, असे त्या क्षणापासून मी मनाशी धरले.

त्या परदेशी पदार्थाची वंशावळ फार गूढ नाही. अमेरिकेत त्यास 'डच बेबी' म्हणतात, आणि हे नाव सिअ‍ॅटल शहरातील मांका कुटुंबाच्या उपाहारगृहात, जर्मन या अर्थाच्या 'डॉइच' शब्दाचा अपभ्रंश होऊन पडले, अशी तेथील आख्यायिका आहे. इंग्लंडातील त्याचा वडील भाऊ जो यॉर्कशर पुडिंग, त्याची कृती हॅना ग्लास या बाईंनी १७४७ च्या आपल्या पाकग्रंथात दिली आहे. दोहोंतही सोडा नाही, यीस्ट नाही. तप्त स्नेहाचा स्पर्श होताच मिश्रणातील पाण्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते, आणि अंड्यातील प्रथिने त्या वाफेभोवती घट्ट होऊन तिला कोंडून धरतात. मांड्यात अंडे नसते. तेथे हे कोंडून धरण्याचे काम गव्हाच्या चिकाने करावयाचे असते, आणि त्या चिकासाठीच मांडे करणारीचे दंड भरून येतात.

वर्धा-नागपूरकडे मांड्यास लांबपोळी किंवा लांबरोटी म्हणतात. गव्हाचे पीठ पातळ वस्त्रातून गाळून कोंडा पूर्णपणे वेगळा काढावा, मिठाच्या पाण्यात ते सैल भिजवावे, आणि मग परातीत ती कणीक उचलून आपटावी, पुन्हा उचलून पुन्हा आपटावी, मधून मधून पाण्याचा हबका द्यावा, असे पुष्कळ वेळ चालल्यानंतर जेव्हा तिला न तुटणारी तार येते, तेव्हाच ती सिद्ध झाली असे जाणत्या बाया मानतात. इकडे चुलीवर मातीचा मोठा घडा तोंड खाली करून पालथा घातलेला असतो व त्याच्या पोटात लाकडांचा जाळ चाललेला असतो. ओल्या हाताने कणकेचा गोळा घेऊन तो या हातावरून त्या हातावर झुलवीत झुलवीत कोपरापर्यंत लांबवितात, त्यातून पलीकडचे दिसू लागते न लागते तोच घड्याच्या पाठीवर पसरतात. पृष्ठावर बुडबुडे उठतात, क्षणभरात पोळी घड्यावरून सुटते, आणि मऊ आहे तोवर तिची घडी घालावी लागते. लाटणे नाही, पोळपाट नाही. साऱ्या विद्येचा ठेवा हाताच्या ओढीत आहे.

आता हे कृत्य किती जुने, याचा दाखला संस्कृत दप्तरातून मिळतो. सोळाव्या शतकातील भावमिश्र नामक वैद्याने 'भावप्रकाश' या आपल्या ग्रंथात 'मण्डक' सिद्ध करण्याची रीत सांगितली आहे: पांढरा गहू धुऊन, कांडून, वाळवून, पाण्याचा शिपका देऊन दळावा व चाळावा, ते पीठ पाण्याने कोमल करून उत्तम मळावे, गोळा हातांनीच खेळवून पसरावा, आणि तो अधोमुख घटाच्या बाहेरच्या अंगावर टाकून मंद अग्नीवर भाजावा. काकूंच्या अंगणातील चुलीचे वर्णन कोणी या वैद्यास लिहून पाठविले असते, तर त्याने याहून वेगळे काय लिहिले असते! त्याच्याही चारशे वर्षे आधी, इ. स. ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात तप्त खापरावर भाजलेला मण्डक आहे, आणि त्याच्या पंक्तीस पोलिका व निखाऱ्यावरची अंगारपोलिकाही आहे. मण्डकाचा मांडा झाला, पोलिकेची पोळी झाली. आणि अंगारपोलिकेचे नाव जरी लोपले, तरी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला आमच्या वऱ्हाड-नागपूरचा रोडगा हा तिचाच सगोत्र असावा, असे मला वाटते.

ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. परंतु तिच्यातील पाककलेच्या साक्षीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विसोबा चाटी कुंभारांना ताकीद देतो, की या भावंडांना खापर मिळता कामा नये. म्हणजे मांडा मातीच्या भांड्यावाचून होत नसे, आणि ते भांडे कुंभाराच्या आव्यातूनच येई, हे कथा सांगणारा व ऐकणारा दोघेही गृहीत धरतात. मग जठराग्नी प्रज्वलित करून ज्ञानेश्वर ओणवे होतात, आणि मुक्ताबाई त्यांच्या पाठीवर मांडे टाकते. ओणव्या माणसाची पाठ ही पालथ्या घड्याप्रमाणेच बहिर्गोल असते! सपाट तव्यावर पोळ्या करणाऱ्या समाजास ही कल्पना सुचलीच नसती.

बेळगावकडे साखर पेरून घडी घातलेला मांडा लग्नकार्यात मानाचा ठरला, खानदेशात पोटात पुरण भरून तो खापरावरची पुरणपोळी झाला. आणि पुण्या-मुंबईच्या बहुसंख्य सुशिक्षितांकडे मात्र 'मनातले मांडे' एवढाच वाक्प्रचार उरला. ज्या वस्तूचे नाव भाषेत केवळ स्वप्नरंजनासाठी शिल्लक राहिले, ती वस्तू दुसऱ्या नावाने वर्ध्याच्या चुलींवर सुखाने नांदत आहे, याचा मला विलक्षण आनंद वाटतो.

अर्थात वर्ध्याने या पदार्थास विरोधी उपदेशही ऐकविला आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली येथील मगनवाडीतून चाले, आणि जात्यावरचे पीठ कोंड्यासकट खावे, हा तेथील आग्रह होता. आरोग्याच्या दृष्टीने तो सर्वथा रास्त. पण कोंड्याची कुसळे कणकेची तार तोडतात, म्हणून नित्याच्या भाकरी-पोळीस कोंडा आणि सणावारी, पाहुण्यारावळ्यांना वस्त्रगाळ पीठ, अशी वहिवाट घरोघरच्या बायांनी राखली, हे त्यांच्या शहाणपणास धरूनच झाले. आज पुष्कळ घरी लांबपोळीस लोकवन गहू पसंत करतात. हे नाव 'लोक-१' या वाणाचे जनमुखातील रूप होय, आणि तो वाण सौराष्ट्रातील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निपजला, जी संस्था नानाभाई भट्टांनी १९५३ मध्ये नई तालीम या शिक्षणविचारावर उभारली. आणि त्या विचाराची पहिली परिषद ऑक्टोबर १९३७ मध्ये भरली होती ती वर्ध्यासच. इतका फेरा घेऊन तो दाणा येथल्या परातीत आला आहे.

भावमिश्राने मांडा कशाशी खावा हेही सांगून ठेवले आहे: तूप-साखर घातलेल्या दुधाशी, अथवा शिजविलेल्या मांसाशी, अथवा ताकातील वड्याशी. माझ्या पाहुणचारासाठी आदल्या रात्री त्या घरी लांबपोळी आणि मटणाचा झणझणीत रस्सा असाच बेत होता. सकाळी ओव्हनमधला तो घुमट बाहेर येताच निवून खाली बसला. आम्ही तो आवडीने संपविला, सुनेचे कौतुकही झाले. परंतु धाकट्या नातवाचे तेवढ्याने भागेना, तेव्हा काकूंनी शिंकाळ्यावरून रात्रीची उरलेली लांबपोळी काढली, वाटीतल्या कोमट दुधात कुस्करली, वर चमचाभर तूप सोडून साखर भुरभुरली, आणि ती वाटी त्याच्यापुढे सरकविली.