कामाचा शेवटचा दिवस

जबलपूरहून नागपूरकडे निघालेल्या रस्त्यावर बरगी हे गाव लागते. तेथून जवळच नर्मदेवर जे धरण उभे आहे, त्याचे काम १९७४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९९० मध्ये पूर्णत्वास गेले. रामगढच्या राणी अवंतीबाई लोधी यांचे नाव त्याच्या जलाशयाला देण्यात आले. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्या पाण्याने ग्रासले. धरणांचा इतिहास सामान्यतः उंची, क्षेत्रफळ आणि सिंचनक्षमता यांच्या आकड्यांत लिहिला जातो. परंतु अशा प्रत्येक बांधकामावर, आणि अशा प्रत्येक बुडालेल्या गावात, आणखी एक हिशेब चाललेला असतो व त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. दिवस भरत आलेल्या स्त्रीने डोक्यावरचे घमेले कोणत्या दिवशी खाली ठेवायचे, हा तो हिशेब होय. हा दिवस कोण ठरवते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. आणि काही स्त्रियांच्या बाबतीत ते मुळीच बदलले नाही.

यंत्रयुगापूर्वी या प्रश्नाचे उत्तर रूढीपाशी होते. मराठी घरांत पाचव्या किंवा सातव्या महिन्यात ओटी भरण्याची चाल आहे; डोहाळजेवण होते; पहिले बाळंतपण माहेरी व्हावे असा संकेत आहे. या विधींकडे केवळ हौसेचे प्रसंग म्हणून पाहणे अपुरे ठरेल. त्यांच्यामुळे स्त्रीची अवस्था चारचौघांत जाहीर होई आणि तिच्या अंगावरची जड कामे दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जात. सासरच्या जात्यापासून आणि पाण्याच्या हंड्यापासून दूर, माहेरच्या उंबऱ्याच्या आत नेण्याची ही एक व्यवस्थाच होती. मात्र तिच्यामागे एक अट अध्याहृत होती: घरात काम उचलणारे दुसरे हात असले पाहिजेत आणि माहेरी एक तोंड अधिक पोसण्याची ऐपत असली पाहिजे. ज्या घरी ही अट पुरी होत नसे, तेथील स्त्री कळा सुरू होईपर्यंत शेतात राबत असे. रूढीने दिलेली विश्रांती ही मुळातच ऐपतीची विश्रांती होती.

मुंबईच्या कापडगिरण्यांनी या व्यवस्थेचा पायाच बदलला. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करणाऱ्या कोकणातल्या आणि घाटावरच्या स्त्रियांना रोजचा दिवस पैशांत मोजून मिळू लागला, आणि न केलेल्या दिवसाचे मोलही त्यांना तितकेच नेमके कळू लागले. गिरणीत न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणत. गर्भारपणाचे शेवटचे आठवडे म्हणजे सलग खाड्यांची मालिका. शिवाय परत आल्यावर जागा शिल्लक असेल की नाही, हे नाइकिणीच्या मर्जीवर. अशा स्थितीत लवकर थांबणे म्हणजे बाळंतपणाच्या तोंडावरच घरातले धान्य कमी करणे होते. उशिरा थांबणे म्हणजे गर्भाला आणि स्वतःला धोक्यात घालणे होते. दोन्ही बाजूंना हानीच असताना निवडीला ‘निर्णय’ म्हणावे काय, हा प्रश्न येथून पुढे सर्व चर्चेच्या मुळाशी राहिला.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. बाळंतपणासंबंधीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार तेथेच झाला. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला काम देऊ नये, आणि वैद्यकीय दाखला मिळाल्यास प्रसूतीपूर्वी सहा आठवडे काम सोडण्याचा तिला हक्क असावा, असे त्यात ठरले. नंतरच्या आठवड्यांबाबत बंदी आणि आधीच्या आठवड्यांबाबत हक्क, हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढील सर्व कायद्यांचा सांगाडा त्यातूनच आला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेला उपस्थित होते. १९२४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयावरील विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही.

जे मध्यवर्ती सभागृहात साधले नाही ते मुंबई प्रांतात साधले. आर. एस. आसवले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात आणलेल्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये चर्चा झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे समर्थन केले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने सोसला पाहिजे; परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही लाभ असल्याने त्यानेही आपला वाटा उचलणे न्याय्य आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. दिवसाला आठ आणे या दराने गिरणीकामगार स्त्रीला काही आठवड्यांचा भत्ता मिळू लागला. लगेच १९३० मध्ये मध्य प्रांतानेही तसा कायदा केला. त्या काळी जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते व दोहोंचा कारभार नागपुरातून चाले. त्यामुळे नागपूरच्या गिरणीतील मराठी स्त्री आणि जबलपूरच्या कारखान्यातील हिंदी भाषक स्त्री एकाच कायद्याच्या छत्राखाली आल्या. बरगीच्या परिसरात मोहाची फुले आणि तेंदूची पाने वेचणारी गोंड स्त्री मात्र त्या छत्राबाहेरच होती. कारण कायदा कारखान्याचा होता, रानाचा नव्हता.

कायदा झाला, पण त्याच्यासोबत एक नवी अडचणही आली. भत्ता हवा असेल तर आपण गर्भार असल्याचे मालकाला कळवणे स्त्रीला भाग होते. घरात ओटीभरणाने होणारे जाहीर करणे तिला माया मिळवून देई. गिरणीत केलेले जाहीर करणे तिची नोकरी घालवू शकत असे. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार चौकशी समितीचा मुख्य अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. कायदा टाळण्यासाठी काही मालक गर्भारपणाची पहिली चिन्हे दिसताच स्त्रियांना कमी करतात, अथवा शक्यतो अविवाहित मुली, विधवा आणि मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रिया यांनाच घेतात, हे त्या समितीने नोंदवले. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क मागण्याच्या आधीच तो नाहीसा करण्याची युक्ती शोधली गेली होती. लुगड्याच्या निऱ्या सैल करून पोट झाकण्याची धडपड लज्जेपोटी जितकी होत असेल, त्याहून अधिक ती पगारापोटी होत असणार, हे या नोंदीवरून सहज उमजते.

थांबण्याचा दिवस निवडण्याच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट विवेचन खाणकामगार स्त्रियांच्या संदर्भात झाले. १९४१ च्या खाण मातृत्व लाभ कायद्याने प्रसूतीआधी चार आणि नंतर चार, अशा आठ आठवड्यांचा लाभ दिला. १९४३ मध्ये मजूरमंत्री या नात्याने डॉ. आंबेडकरांनी त्या कायद्यातील शब्दरचनेची संदिग्धता दूर करणारे विधेयक मांडले, तेव्हा या दोन कालखंडांचे स्वरूप त्यांनी वेगळे करून दाखवले. नंतरचे चार आठवडे सक्तीच्या विश्रांतीचे होते. त्या काळात काम करणे हाच गुन्हा. आधीचे चार आठवडे ऐच्छिक होते: स्त्रीने कामावर यावे आणि पूर्ण मजुरी घ्यावी, किंवा घरी राहावे आणि भत्ता घ्यावा. दिसायला ही समान निवड आहे. पण जेथे भत्ता मजुरीपेक्षा कमी असेल, तेथे ऐच्छिक विश्रांती घेण्याचे मोल दर दिवसागणिक खिशातून द्यावे लागते. इच्छा कायद्याने दिली. तिची किंमत बाजाराने ठरवली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये संसदेने मातृत्व लाभ अधिनियम संमत केला. कारखाने, खाणी आणि मळे यांतील स्त्रियांसाठी बारा आठवड्यांचा लाभ ठरला आणि तो सरासरी रोजच्या मजुरीइतका असेल असे म्हटले गेले. प्रसूतिपूर्व काळाची रक्कम आगाऊ देण्याची तरतूद झाली. शेवटच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात, स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असेही कलम आले. थांबणे ही एका दिवसात घडणारी गोष्ट नसून टप्प्याटप्प्याने होणारी गोष्ट आहे, याची ही पहिली नीट जाणीव म्हणावी लागेल. तथापि एक ताठरपणा शिल्लक राहिला. बारा आठवड्यांची विभागणी सहा आधी आणि सहा नंतर अशी पक्की होती. जी स्त्री प्रसूतीच्या आठ दिवस आधीपर्यंत कामावर राही, तिचे न वापरलेले आधीचे आठवडे बाळासोबत राहण्यासाठी पुढे नेता येत नसत. ते वायाच जात.

१९८८ च्या दुरुस्तीने हा ताठरपणा काढून टाकला. एकूण आठवडे बाराच राहिले, पण आधीचे सहापेक्षा अधिक नसावेत एवढीच मर्यादा उरली. शब्द थोडे बदलले, अर्थ पुष्कळ बदलला. आपले शरीर किती साथ देते, घरी बाळाला सांभाळणारे कोणी आहे की नाही, प्रवास किती, काम बसून की उभ्याने, हे सर्व तोलून स्त्रीने स्वतः दिवस नेमावा, अशी मुभा प्रथमच मिळाली. लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम केलेले असण्याची अट याच दुरुस्तीने ८० दिवसांवर आणली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी मर्यादा २६ आठवड्यांची झाली व त्यांतील आठपर्यंत आठवडे आधी घेता येऊ लागले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या तरतुदी आपल्यात सामावून घेतल्या.

आता पुन्हा बरगीकडे वळले असता कालगणनेतील एक विसंगती ध्यानात येते. १९६१ आणि १९८८ या दोन वर्षांच्या मध्ये कायदा जेव्हा हळूहळू स्त्रीच्या हाती दिवस सोपवत होता, नेमके त्याच काळात नर्मदेवर हे धरण उभे राहत होते. अशा कामांवरील माती आणि गिट्टी वाहणाऱ्या स्त्रीला महाकोशलात आणि नागपूरकडेही ‘रेजा’ म्हणतात. ती ठेकेदाराच्या माणसाकडून रोज घेतली जाते आणि रोज सोडली जाते. कारखाना, खाण आणि मळा या शब्दांत ती सहजपणे बसत नव्हती. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा १९९६ मध्ये आला व त्यात कल्याण निधीतून प्रसूतीसाठी साहाय्य देण्याची तरतूद झाली. तोवर बरगीचे दरवाजे बसून सहा वर्षे लोटली होती. ज्यांची गावे बुडाली त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे जबलपूरच्या वस्त्यांत मजुरी करू लागली, पुरुषांनी सायकलरिक्षा ओढल्या. त्यांच्या स्त्रियांच्या बाबतीत हानी दुहेरी झाली. रूढीची जुनी विश्रांती शेत, रान आणि जवळपासचे माहेर यांच्या आधाराने टिकून होती. गावाबरोबर तो आधार बुडाला. कायद्याची नवी विश्रांती हजेरीपटाच्या आधाराने मिळे. आणि हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते.

त्याच जबलपुरात संरक्षण खात्याचे कारखाने आहेत. तेथील कायम नोकरीतील स्त्रीला केंद्रीय रजा नियमांनुसार बाळंतपणाची सपगारी रजा मिळत आली, आणि २००८ मध्ये ती १८० दिवसांची झाली. एकाच शहरात, एकाच महिन्यात दिवस भरलेल्या दोन स्त्रियांपैकी एक तारखा मोजत असते आणि दुसरी घमेली मोजत असते. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या खटल्यात ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भेदावर बोट ठेवले आणि रोजंदारीवरील स्त्रीलाही मातृत्व लाभाचा हक्क आहे असा निर्णय दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्यापुढे जाऊन गर्भवती स्त्रीला किमान ६००० रुपयांच्या साहाय्याचा हक्क सांगितला. हे तत्त्व मोठे आहे. पण काही महिन्यांची मजुरी भरून काढण्यास ही रक्कम कितपत पुरते, हे कोणत्याही मजूर कुटुंबास विचारल्याविनाही कळण्यासारखे आहे.

मजुरी बुडण्याची हीच भीती कोठवर जाऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच मिळाला. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार पतिपत्नीच्या जोडीने उचल घेऊन जातात. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि एकीच्या खाड्याचा दंड दोघांवर पडतो. या स्त्रियांतील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. गिरणीतला ‘खाडा’ शंभर वर्षांनंतर उसाच्या फडात तितकाच जिवंत होता. पूर्वी त्याच्या भीतीने पोट झाकले जात असे. आता देहाचा एक अवयवच खाड्याच्या हिशेबात धरला जाऊ लागला.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. थांबण्याचा दिवस कोणता असावा, यावर वैद्यकाने, धर्मशास्त्राने आणि कायद्याने वेगवेगळी मते दिली. पण तो दिवस ठरवण्याचे सामर्थ्य नेहमी त्या हाताशी राहिले, जो थांबलेल्या दिवसाचे अन्न पुरवतो. कधी तो हात माहेरचा होता, कधी मालकाचा, कधी शासनाचा. जेथे तो कोणाचाच नाही, तेथे स्त्रीला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे म्हणजे रित्या घमेल्याला भरलेले म्हणण्यासारखे आहे. बरगीचा जलाशय पावसाळ्यात काठोकाठ भरतो, आणि त्याची पातळी दररोज नोंदली जाते. त्याच्या काठच्या स्त्रीने काम कोणत्या दिवशी सोडले आणि बाळ कोणत्या दिवशी झाले, या दोन तारखांमधले अंतर मात्र अजूनही बहुधा एका रात्रीचेच असते.